गुरुकुंज मोझरी : मौनाला पुरणारी जागा, भजनाला न पुरणारी

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, तिवसा तालुक्यात, मोझरी हे गाव लागते. यावलीत ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मलेल्या आणि वरखेडच्या आडकोजी महाराजांना गुरू मानणाऱ्या तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे गुरुकुंज आश्रम उभा केला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे महानिर्वाण झाले आणि त्यांची समाधीही येथेच आहे. शासकीय कागदपत्रांत असे ठिकाण तीर्थक्षेत्र म्हणून नोंदले जाते आणि त्याचा विकास म्हणजे प्रवेशद्वार, वाहनतळ, भक्तनिवास, बगीचा आणि जमल्यास ध्वनिप्रकाशाचा एखादा प्रयोग, असे साधारण ठरलेलेच असते. मोझरीच्या बाबतीत ही चौकट अपुरी पडते, कारण येथला खरा वारसा दगडविटांचा नाही. लाकडी कड्यावर ताणलेले चामडे, कड्याच्या खाचांत बसवलेल्या धातूच्या चकत्या, आणि त्या खंजिरीच्या ठेक्यावर एकाने म्हणायची व बसलेल्या सगळ्यांनी उचलायची भजनाची ओळ, हा तो वारसा आहे.

या भजनाचा इतिहास विदर्भाला सांगायला नको, पण एका गोष्टीसाठी त्याची आठवण येथे करावी लागते. १९३६ मध्ये महाराज सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात राहिले, १९४२ च्या आंदोलनात त्यांना अटक झाली, १९५५ मध्ये ते जपानला विश्वधर्म परिषदेसाठी गेले, आणि राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटले. या सगळ्या प्रवासात खंजिरी त्यांच्या हातात होती, आणि ती वाजवण्यामागे मैफल रंगवावी हा हेतू नव्हता. श्रोत्यांनी श्रोते राहू नये, यासाठी ती वाजत होती. सामुदायिक प्रार्थना आणि सामुदायिक ध्यान या दोन्ही नावांतला पहिला शब्द सजावटीचा नाही. म्हणून मोझरीत किती माणसे सामावतील, असा प्रश्न विचारणाऱ्याला आधी ती माणसे तेथे काय करणार आहेत, हे ठरवावे लागते. प्रस्तुत प्रकरणात याच क्रमाने विचार केला आहे. जागेचे आणि गर्दीचे जे हिशेब पुढे दिले आहेत, ते विचाराची दिशा दाखवण्यासाठी गृहीत मापांवर मांडले आहेत.

एका मिनिटाची गर्दी

पुण्यतिथीचा महोत्सव आश्विन वद्य पंचमीला धरून होतो. त्या दिवशी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहिली जाते. त्या क्षणासाठी विदर्भातूनच नव्हे, तर मध्य प्रदेशाच्या सीमेपलीकडूनही गुरुदेवभक्त, म्हणजे महाराजांचे अनुयायी, येतात. गावोगावच्या पालख्या येतात. भगव्या टोप्यांचे सेवक बंदोबस्त, पंगत, पाणी, जोडे सांभाळणे अशी कामे वाटून घेतात. गर्दीचा आकडा वर्तमानपत्रांत ‘लाखो’ असा येतो आणि तो तसाच ठेवलेला बरा.

क्षमतेच्या दृष्टीने या गर्दीची एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. शेगावला किंवा पंढरपूरला येणारा भाविक रांगेत उभा राहतो आणि रांग सरकते. दर्शनाला बारा तास लागोत की दोन तास, एका माणसाने सोडलेली जागा दुसऱ्याला मिळते. ताडोब्यात जिप्सी एका फाटकातून आत जाते आणि फेरी संपवून बाहेर येते. तेथे सकाळची फेरी, दुपारची फेरी आणि गाड्यांची संख्या ठरवता येते. मोझरीच्या पुण्यतिथीला रांग नाही आणि फेरीही नाही. सगळ्यांना एकाच मिनिटाला एकाच ठिकाणी असायचे असते. ते मिनिट पहाटे चारला आणि रात्री नऊला पुन्हा घेता येत नाही, आणि तसे सुचवणाऱ्याला गुरुदेव सेवक काय उत्तर देतील ते सांगायला नको.

या मिनिटाआधी लोक दिवसभर टप्प्याटप्प्याने येत राहतात. मिनिटानंतर मात्र सगळे एकदम निघतात. ब्रिटनमधील क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठी वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शिकेत सपाट वाटेवरून दर मीटर रुंदीला मिनिटाला ८२ माणसे बाहेर पडू शकतात, असे प्रमाण धरले आहे. समजा मैदानात एक लाख माणसे आहेत आणि बाहेर जाण्याच्या सर्व वाटांची मिळून रुंदी ३० मीटर आहे, तर मिनिटाला २,४६० माणसे बाहेर पडतील आणि मैदान मोकळे व्हायला साधारण ४१ मिनिटे लागतील. त्या वाटांच्या कडेला रसवंतीची, खेळण्यांची, माळांची दुकाने लागली आणि रुंदी निम्मी झाली, तर हा वेळ ८० मिनिटांच्या पुढे जाईल. आता याला सूर्याचे गणित जोडून पाहा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंतच्या काळात या भागात सूर्यास्त सुमारे पावणेसहा ते सहाच्या दरम्यान होतो. म्हणजे मौन संपल्यापासून अंधार पडू लागेपर्यंत पाऊण ते एक तास मिळतो, आणि त्या वेळात म्हातारी माणसे, कडेवरची पोरे आणि डोक्यावर वळकटी घेतलेली मंडळी महामार्गाकडे चालत असतात, जेथे ट्रकची वाहतूक आपल्याच वेगात असते.

साताऱ्याजवळच्या मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी सुमारे तीनशे माणसे दगावली. ती यात्रा तेथे दरवर्षी भरत होती आणि डोंगरावर जागा नव्हती असेही नव्हते. चिंचोळी, उताराची वाट आणि तिच्या दोन्ही अंगांची दुकाने यांत माणसे अडकली. मोझरीची जमीन सपाट आहे, येथले लोक शिस्तीचे आहेत आणि सेवकांची फळी वर्षानुवर्षे मुरलेली आहे. तरीही धोका मैदानाच्या क्षेत्रफळात शोधायचा नाही, वाटांच्या रुंदीत शोधायचा, एवढा धडा त्यातून घ्यावाच लागतो. एका चौरस मीटरवर चारपाच माणसांपर्यंत गर्दी स्वतःला सावरू शकते. सातच्या आसपास गेली की माणसाचे पाय स्वतःच्या ताब्यात राहत नाहीत, असे गर्दीच्या अभ्यासकांचे निरीक्षण आहे. मौनात उभे राहिलेल्या माणसांची घनता सहसा या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते. ती वाढते ती फाटकाशी, पुलाच्या तोंडाशी आणि बसगाडीच्या दाराशी.

क्षमता ठरवणारी आणखी एक गोष्ट आहे आणि ती कोणत्याही परदेशी सूत्रात सापडणार नाही. तिथी चांद्र पंचांगाने येते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे आश्विन वद्य पंचमी नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेला पडली. २०२५ मध्ये ती ११ ऑक्टोबरलाच आली. या तीन आठवड्यांच्या फरकाने वाहनतळ मिळणे न मिळणे ठरते. हा सगळा कपाशी, सोयाबीन आणि संत्र्याचा मुलूख आहे. नोव्हेंबरपर्यंत सोयाबीन निघून मळणी झालेली असते, रान रिकामे आणि कडक असते, आणि शेतकऱ्याने परवानगी दिली की दोन दिवस तेथे गाड्या लावता येतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र काही शेतांत सोयाबीन उभे, काहींत कापून गंजी लावलेले आणि परतीचा पाऊस डोक्यावर, अशी स्थिती असू शकते. काळ्या मातीत एक सर पडली की जीपसुद्धा निघत नाही, मग ट्रॅव्हल्सची गोष्ट वेगळीच. तेव्हा मोझरीची त्या दिवसाची वाहनक्षमता वर्षागणिक बदलते, आणि तिचा अंदाज गुढीपाडव्याला नवे पंचांग हाती आल्याबरोबर करता येतो, म्हणजे सहा महिने आधी.

सूत्र कोठे अडते

पर्यटनक्षमता मोजण्याची जी रीत जगभर सर्वांत जास्त वापरली गेली, ती मिगेल सिफुएन्तेस यांनी १९९२ मध्ये कोस्टा रिकातील संरक्षित क्षेत्रांसाठी मांडली. तिच्यात आधी भौतिक क्षमता काढतात : उपलब्ध जागा भागिले एका माणसाला लागणारी जागा, गुणिले दिवसात किती फेऱ्या होऊ शकतात ती संख्या. मग पाऊस, ऊन, धूप, वन्यप्राण्यांचा विणीचा काळ अशा कारणांनी तिला कात्री लावून वास्तव क्षमता काढतात, आणि शेवटी व्यवस्थापनाकडे माणसे व साधने किती आहेत ते पाहून परिणामकारक क्षमता ठरवतात. विदर्भाला ही रीत अनोळखी नाही, कारण राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत व्याघ्र प्रकल्पांतील गाड्यांची संख्या ठरवण्यासाठी हीच तीन पायऱ्यांची पद्धत दिलेली आहे.

ती एखाद्या भजनस्थळाला लावून पाहू. समजा प्रार्थनेची जागा ४५० चौरस मीटर आहे. मांडी घालून बसलेल्या माणसाला, मधल्या वाटा धरून, पाऊण चौरस मीटर लागते. म्हणजे एका वेळी ६०० माणसे. स्थळ पहाटे सहा ते रात्री नऊ असे पंधरा तास उघडे राहते आणि एक माणूस तासभर थांबतो, म्हणून फेऱ्या पंधरा. गुणाकार केला की दिवसाला ९,००० हा आकडा हाती येतो. अहवालात तो भारदस्त दिसतो, त्यावरून वाहनतळ, स्वच्छतागृहे आणि दुकानगाळे यांचे अंदाजपत्रकही करता येते.

पण या ९,००० पैकी संगीताच्या वारशापर्यंत कितीजण पोचतील? सकाळचे सामुदायिक ध्यान हा शांत बसण्याचा भाग आहे आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना हा म्हणण्याचा. त्यांची वेळ ठरलेली आहे. दुपारी बाराला आलेल्या माणसाला समाधीचे दर्शन घडेल, परिसर दिसेल, पण ज्यासाठी या जागेला वारसा म्हणायचे ती गोष्ट त्याच्या वाट्याला येणार नाही. म्हणजे म्हणण्यापुरती फेऱ्यांची संख्या पंधरा नाही, एक आहे. आणि क्षमता ९,००० नाही, ६०० आहे. सूत्र चुकीचे नाही, ते पायवाटेसाठी तयार झाले आहे. पायवाट दिवसभर तीच असते. भजन वेळ झाल्याखेरीज अस्तित्वातच येत नाही.

येथे एक सोपी पळवाट लगेच पुढे येते, ती म्हणजे भजनाच्याच फेऱ्या वाढवाव्यात. दर तासाला खंजिरीचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ठेवावा, कलावंतांना मानधन द्यावे, येणाऱ्याला काहीतरी पाहायला मिळावे. अशी सूचना वाईट हेतूने केली जात नाही आणि तिच्यातून दोनचार घरांना उत्पन्नही मिळू शकते. पण अकरा वाजता, बारा वाजता आणि एक वाजता खुर्च्यांवर बसलेल्यांसमोर जे होईल, तो खंजिरीचा कार्यक्रम असेल; सामुदायिक प्रार्थना नसेल. अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठी युनेस्कोने २००३ मध्ये केलेल्या आणि भारताने २००५ मध्ये मान्य केलेल्या करारात वारसा म्हणजे लोकांनी आपला मानलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवलेला व्यवहार, असे धरले आहे. त्या कसोटीवर तासातासाचा कार्यक्रम हा वारशाचा विस्तार ठरत नाही, ती त्याची प्रतिकृती ठरते, आणि प्रतिकृती रोज आठ वेळा होऊ लागली की सायंकाळच्या मूळ वेळेला गावातले टाळकरी थकलेले असणार, हे उघड आहे.

ठेका किती अंतरावर फुटतो

वरच्या हिशेबात प्रार्थनेची जागा मी ४५० चौरस मीटर धरली, ती सहज सुचली म्हणून नव्हे. या आकड्यामागे आवाजाचे गणित आहे आणि माझ्या मते या प्रकरणातला निर्णायक मुद्दा तोच आहे.

खंजिरी वाजवणारा ती डाव्या हातात उभी धरतो आणि उजव्या हाताच्या बोटांनी व पंजाने चामड्यावर आघात करतो. चामड्याचा घुमारा आणि चकत्यांचा छणत्कार हे दोन आवाज एकाच आघातातून निघतात. घुमारा खालच्या स्वराचा, तो लांब जातो पण लांबवर बोथट होतो. छणत्कार तीक्ष्ण असतो आणि ठेक्याची कड तोच दाखवतो. दमट हवेत चामडे सैल पडते आणि आवाज उतरतो, म्हणून पावसाळ्याच्या अखेरीस वादक मंडळी भजनाला बसण्याआधी खंजिरी उन्हात किंवा शेकोटीच्या धगीवर धरतात. हलके बोट मारून पाहतात, पुन्हा धरतात. सगळ्यांनी टाळी धरायची ती या आवाजावर.

आता अंतराचा विचार करू. तिशीतल्या तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. ३५ मीटरवर बसलेल्या माणसाला खंजिरीचा आघात सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. भजन रंगात आले आणि मिनिटाला १२० मात्रांची गती धरली, तर दोन मात्रांमध्ये अर्धा सेकंद असतो; म्हणजे त्या माणसाची टाळी एकपंचमांश मात्रेने मागे पडते. त्याची टाळी पुढे गायकापर्यंत पोचायला तेवढाच वेळ आणखी लागतो. १०० मीटरवर तर ऐकण्यातच मात्रेच्या निम्म्याहून जास्त अंतर पडते; पुढचे लोक सम धरतात तेव्हा मागचे अधांतरी असतात. मोठ्या मैदानात भजन म्हटलेल्या कोणालाही हा अनुभव असतो : थोड्या वेळाने मागचे लोक टाळी सोडतात आणि नुसते ऐकू लागतात. त्यांचा भाव कमी झालेला नसतो, त्यांना ठेकाच दोन ठिकाणी ऐकू येत असतो.

गायकाचा आवाज जाऊन समूहाचा प्रतिसाद परत येईपर्यंतचा उशीर सेकंदाच्या दहाव्या भागात बसवायचा असेल, तर शेवटचा माणूस साधारण १७ मीटरच्या आत हवा. १७ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ४५० चौरस मीटर भरते. तेथून ६०० माणसांचा आकडा येतो. भोंगे लावून हा आकडा वाढवता येतो का? काही प्रमाणात येतो. मंडपाच्या मध्ये आणि मागे लावलेल्या भोंग्यांना आवाज मुद्दाम तेवढा उशिरा सोडायची सोय केली, तर पुढून हवेतून येणारा आवाज आणि जवळच्या भोंग्यातला आवाज एकत्र पोचतात आणि मागच्याला निदान एकच ठेका ऐकू येतो. असे यंत्र महाग नाही आणि ध्वनिव्यवस्थेवाल्यांना ते माहीत असते. लग्नाच्या मंडपात मात्र त्याची गरज भासत नाही, म्हणून ते लावायचे राहून जाते. तरीही त्याने मागच्यांचा प्रतिसाद पुढे वेळेत पोचत नाही. मागचे लोक म्हणू शकतात, पण पुढच्यांबरोबर म्हणू शकत नाहीत.

मौनाचे असे नाही. मौन ३५ मीटरवर फुटत नाही आणि ३५० मीटरवरही फुटत नाही. सगळ्यांच्या हातात घड्याळ आहे, वेळ ठरलेली आहे, आणि लाख माणसे एकाच क्षणी गप्प उभी राहायला आवाजाच्या वेगाची कोणतीही अडचण येत नाही. म्हणूनच पुण्यतिथीच्या दिवशी ही जागा लाखोंना पुरते आणि एरवीच्या सायंकाळी काहीशांनाच पुरते, यात विरोधाभास नाही. दोन्ही वेळी क्षमता वेगळ्या गोष्टीची मोजली जाते. पुण्यतिथीची मर्यादा वाटा, पाणी आणि अंधार यांनी ठरते. रोजच्या प्रार्थनेची मर्यादा ठेक्याने ठरते. विकासाचा एकच आराखडा दोन्हींसाठी करायला गेले, की महोत्सवाच्या गर्दीच्या मापाने बांधलेल्या भव्य सभागृहात रोजची पन्नास-साठ माणसे प्रार्थनेला बसतात आणि काँक्रीटच्या घुमण्यात आपलाच आवाज ओळखता येत नाही, अशी गत होते.

सेवक आणि सहल

एकाच जागेची क्षमता येणाऱ्या माणसागणिक बदलते, हे पर्यटनाच्या पुस्तकांत सौम्यपणे सांगितलेले असते. मोझरीत ते ठसठशीत दिसते. पुण्यतिथीला येणारा सेवक शिदोरी, पांघरूण आणि बहुधा टाळही घेऊन येतो. मंडपात सतरंजीवर झोपतो. पंगत वाढतो, ताटे उचलतो, झाडू हातात घेतो. ग्रामशुद्धी आणि श्रमदान हे त्याला भाषणाचे विषय वाटत नाहीत. असा माणूस आला की गर्दी एकाने वाढते आणि व्यवस्थेत एक हातही वाढतो. उलट, नागपूर-अमरावती प्रवासात अर्धा तास काढून थांबलेली ट्रॅव्हल्स पन्नास माणसे एकदम उतरवते. त्यांना लगेच स्वच्छतागृह हवे असते, फाटकाजवळ गाडी हवी असते, आणि प्रार्थना चालू असेल तर दाराशी उभे राहून मोबाइलवर दोन मिनिटे टिपायची असतात.

या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. बसायचे कोठे आणि म्हणायचे काय, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. शाळांच्या सहली हे याचे चांगले उदाहरण आहे. विदर्भातील कितीतरी शाळांत राष्ट्रसंतांची भजने परिपाठात म्हटली जातात. अशी शाळा आली तर मुले आल्याआल्या प्रार्थनेत मिसळतात आणि मोठ्यांपेक्षा नीट टाळी धरतात. ज्या शाळेत ती सवय नाही, तेथल्या मुलांनाही ध्रुवपदाची एक ओळ आणि टाळीचा ठेका शिकवायला वीस मिनिटे पुरतात. म्हणून रोजची मर्यादा ठरवताना न म्हणणाऱ्यांचे प्रमाण पाहिले पाहिजे, असे मला वाटते. सहाशेंत शंभर नवखे असले तर ते ओढले जातात. चारशे नवखे असले तर उरलेले दोनशे त्यांच्यासमोर कार्यक्रम करू लागतात, आणि तसे झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

अमेरिकेच्या वनसेवेतील अभ्यासकांनी १९८५ मध्ये क्षमतेचा एकच आकडा शोधण्याचा नाद सोडून, किती बदल चालवून घ्यायचा हे आधी ठरवावे आणि त्याच्या खुणा मोजत राहाव्यात, अशी पद्धत मांडली. मोझरीसारख्या जागेला ती जास्त मानवते. खूणही साधी ठेवता येईल : सायंकाळच्या प्रार्थनेत शेवटच्या तीन रांगांतले किती लोक ओळ उचलतात. निम्म्याहून कमी उचलू लागले, तर त्या वेळेला येणाऱ्या सहलींची आगाऊ नोंदणी सुरू करावी. यासाठी तज्ज्ञ लागत नाही. मागे बसलेल्या कोणत्याही जुन्या सेवकाला ते कान न टवकारता कळते.

पाणी आणि भोंगे

पाण्याची बाजू तुलनेने सरळ आहे. आपत्तीकाळातील छावण्यांसाठी माणशी रोज १५ लिटर हे किमान प्रमाण जगभर धरले जाते. मुक्कामी दहा हजार माणसे धरली, तर दिवसाला दीड लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पंधरा टँकर. आश्विनात विहिरींना पाणी असते, त्यामुळे महोत्सवाला हे जमून जाते. हीच माणसे एप्रिल-मेमध्ये आली असती, तर पारा चाळीशीच्या वर असताना गावाच्या पिण्याच्या पाण्यावर घाला आला असता.

भोंग्यांच्या बाबतीत २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई केली आहे. राज्य शासनाला वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. रात्रभर चालणाऱ्या भजनांना हे जाचक वाटते. पण भोंगा बंद झाला की मंडळे आपोआप लहान लहान घोळक्यांत बसतात, आणि वरच्या हिशेबाप्रमाणे भजन नेमके त्याच मापात उत्तम चालते.

आधीपासून असलेला मार्ग

गर्दी पांगवण्याचा उपाय मोझरीला बाहेरून आणावा लागत नाही. महाराजांची जयंती, ३० एप्रिल, ही ग्रामजयंती म्हणून साजरी होते, आणि ती ज्याच्या त्याच्या गावी होते. गाव झाडून काढणे, रामधून, सामुदायिक प्रार्थना हे सगळे तेथल्या तेथे. ग्रामगीतेच्या एक्केचाळीस अध्यायांत सण-उत्सव आणि यात्रा-मेळे यांना स्वतंत्र अध्याय आहेत, ही गोष्टही येथे लक्षात घेण्यासारखी आहे. यात्रेच्या व्यवस्थेचा विचार हा या परंपरेत नंतर चिकटवलेला नाही. कडक उन्हाळ्यातला उत्सव हजारो गावांत विखुरलेला आणि पाणी असलेल्या आश्विनातला एकाच जागी एकवटलेला, अशी ही वाटणी क्षमतेच्या दृष्टीने कोणत्याही सल्लागाराने आखली असती त्यापेक्षा चांगली आहे.

तेव्हा खंजिरी ऐकायला आणि शिकायला येऊ इच्छिणाऱ्या पाहुण्यांसाठी मोझरीत मोठे सभागृह बांधण्याऐवजी त्यांना गावांकडे वळवावे, असे माझे मत आहे. खंजिरी भजनाच्या स्पर्धा विदर्भात गावोगाव भरतात. महिलांची मंडळे त्यांत जोमाने उतरतात. सत्यपाल महाराजांनी सप्तखंजिरी घेऊन गावोगावी कीर्तने केली, तीही वाद्य लोकांकडे नेण्याचीच रीत आहे. यावली, वरखेड आणि चंद्रपूर जिल्ह्यातील गोंदोड्याची तपोभूमी ही ठिकाणे महाराजांच्या जीवनाशी जोडलेली आहेतच. त्यांच्या वाटेवरच्या गावांत आठवड्यातून एकदा भजनाला बसणारी मंडळे आहेत. वीस-पंचवीस पाहुणे एका मंडळात बसले, तर आवाजाचा, पाण्याचा, वाहनतळाचा कोणताही प्रश्न उभा राहत नाही. मात्र दोन अटी पाळाव्या लागतील. भजनाचा वार आणि वेळ मंडळानेच ठरवायची, पाहुण्यांच्या सोयीने ती हलवायची नाही. सोयाबीनच्या आणि कापूस वेचणीच्या हंगामात मंडळ नाही म्हणाले तर ते नाही. आणि पाहुण्यांकडून येणारा पैसा मंडळाच्या नावावर जमा व्हावा. त्यातून खंजिरीचे चामडे, पेटीची दुरुस्ती, सतरंज्या असा खर्च भागावा. तो एका गायकाच्या हातात गेला की दुसऱ्या वर्षी गावात दोन मंडळे होतात, हे विदर्भात कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

मोझरीपुरते तीन बदल तातडीचे वाटतात. पुण्यतिथीच्या दिवशी बाहेर जाणाऱ्या वाटांवर दुकाने लावू देऊ नयेत आणि त्या वाटांची मोजलेली रुंदी आधी कागदावर घ्यावी. मौनानंतर लगेच सुटणाऱ्या एसटीच्या जादा गाड्या मैदानापासून दूर, गावाच्या दोन टोकांना उभ्या कराव्यात, म्हणजे पायी गर्दी दोन दिशांना विभागेल. आणि मौनानंतर तासभर भजन चालू ठेवावे, मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार मंडळांचे, भोंग्याविना. ज्यांना घाई नाही ते बसतील, घाई असलेले आधी निघतील, आणि ४१ मिनिटांचा लोंढा दीड तासावर पसरेल. यातले पहिले काम ग्रामपंचायत आणि आश्रम मिळून करू शकतात, तिसरे तर सेवक उद्याच करू शकतात. अडचण दुसऱ्यात आहे. गाड्या जेथे उभ्या करायच्या, ती महामार्गाची कडा ग्रामपंचायतीच्या ताब्यात नाही आणि आश्रमाच्याही नाही. तेथे दोन तासांपुरती वाहतूक संथ करायची, तर महामार्ग प्राधिकरण, पोलीस आणि परिवहन महामंडळ या तिघांना पंचांग उघडून त्या वर्षीची तारीख आधी एकत्र मान्य करावी लागते.